विसण न घालता

बंबातले कढत पाणी घंगाळात ओतायचे, त्यात गार पाण्याचे विसण घालायचे आणि अंगाला सोसेल इतके झाले की तांब्या उचलायचा, ही आपल्या न्हाणीघराची जुनी रीत. बंब गेला, गीझर आला, घंगाळाच्या जागी बादली आली, पण विसण सुटले नाही. बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई अजूनही पाण्यात कोपर बुडवून विसण बरोबर पडले की नाही ते सांगते. ऊन आणि गार यांचे भांडण अंगापर्यंत येऊ द्यायचे नाही, ते भांड्यातच मिटवायचे, असा या रीतीचा स्वभाव आहे.

उत्तरेकडच्या थंड मुलखांत लोकांनी नेमके उलटे केले. कढत ते कढत ठेवले, गार ते गार ठेवले, आणि अंग एकातून काढून दुसऱ्यात घातले. फिनलंडचा सौना आणि गोठलेल्या तळ्यातले भोक, रशियातली बान्या आणि बाहेरचा बर्फ, जपानी स्नानगृहातला गरम हौद आणि त्याला लागून असलेला गार हौद, ही सगळी एकाच आवडीची रूपे. रोमन लोकांच्या स्नानगृहांतही कढत, कोमट आणि गार अशी तीन वेगवेगळी दालने असत. अलीकडच्या काही वर्षांत ही आवड आपापल्या मुलखाबाहेर पडली. कोविडच्या काळात ब्रिटनमधले तरणतलाव बंद झाले तेव्हा कितीतरी माणसे नद्यांकडे, तळ्यांकडे, समुद्राकडे वळली आणि तिथलीच झाली. आता पुण्या-मुंबईच्या व्यायामशाळांतही बर्फाच्या पाण्याचे टब दिसतात. टबाबरोबर दावेही आले: प्रतिकारशक्ती वाढते, चरबी जळते, नैराश्य जाते, आयुष्य वाढते. या दाव्यांची इतकी गर्दी झाली आहे की मूळचे सुख तिच्यात दिसेनासे झाले. मला वाटते, सुख खरे आहे आणि पुष्कळसे दावे कच्चे आहेत. दोन्हींची नीट फोड करायला हवी.

सुरुवात फिनलंडपासूनच करू. या देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आणि तिथे सौना ३० लाखांच्या घरात. म्हणजे साऱ्या देशाने एकदम सौनात बसायचे ठरवले तरी कोणी बाहेर राहणार नाही. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सौना संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. ताम्पेरे शहरातला रायापोर्ती हा सार्वजनिक सौना १९०६ पासून चालू आहे. पूर्वी बायकांची बाळंतपणे सौनात होत, आणि माणूस गेल्यावर त्याला शेवटची अंघोळही तिथेच घालत. घरातली सर्वात स्वच्छ, सर्वात उबदार जागा तीच.

लाकडी खोली, भिंतीला पायऱ्यांसारखे बाक, कोपऱ्यात तापलेल्या दगडांची शेगडी. हवा ८० ते १०० अंश सेल्सिअस. एवढ्या तापमानाला माणूस भाजत नाही, कारण हवा कोरडी असते आणि घाम लगेच उडतो. मग कोणीतरी दगडांवर पळीभर पाणी टाकते, चर्र होते, आणि वाफेची एक लाट खांद्यांवरून, कानांवरून जाते. या वाफेला फिनिश भाषेत 'लोयल्यू' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ श्वास, प्राण असा आहे, आणि हंगेरियन भाषेतला आत्मा या अर्थाचा शब्द त्याच्याच कुळातला आहे. बर्चच्या कोवळ्या पानांसह डहाळ्यांची जुडी करून तिने अंग झोडपतात. तासाभराच्या या शेकात पाच-दहा मिनिटांनी बाहेर पडायचे, निवायचे आणि पुन्हा आत जायचे असते.

हे निवणे हिवाळ्यात तळ्यात होते. बर्फात चौकोनी भोक पाडलेले असते, त्याला 'अवांतो' म्हणतात. रात्रीत ते पुन्हा गोठू नये म्हणून पंपाने पाणी हलते ठेवतात. लाकडी शिडी, तिला कठडा. उतरणाऱ्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी असते, कारण डोके भिजवायचे नसते. पायांत रबरी मोजे असतात, कारण ओला तळवा गोठलेल्या फळीला चिकटतो. पाणी शून्य ते दोन अंश. माणसे गळ्यापर्यंत उतरतात, चार हात मारतात किंवा तेही मारत नाहीत, आणि अर्ध्या-एक मिनिटात वर येतात. यात सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईही असतात. कोणी आरडाओरड करत नाही, कोणी घड्याळ लावून बसत नाही. हेलसिंकीत स्वयंसेवकांनी समुद्राकाठी उभारलेला सोंपासौना तर फुकट आहे: ज्याने यायचे त्याने लाकडे फोडायची आणि शेगडी पेटती ठेवायची.

त्या अर्ध्या मिनिटात अंगात काय होते? पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगाची उष्णता ओढून नेते. त्वचा एकदम गार झाली की पहिल्यांदा एक मोठा उसासा येतो, आपण न घेता येतो. मग श्वास धपापायला लागतो, नाडी उडते, रक्तदाब चढतो. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी या धक्क्याचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. त्यांच्या कामातून दिसते की हा धक्का पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. गार पाण्यात पडलेली बरीच माणसे गारठून मरत नाहीत, ती या पहिल्या मिनिटातच बुडतात. तो उसासा पाण्याखाली आला तर पाणी थेट छातीत जाते.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी बर्फगार पाण्यासाठी एक हिशेब लोकांना पाठ करायला दिला: एक, दहा, एक. श्वास ताब्यात यायला एक मिनिट. हातपाय कामाचे राहतात दहा मिनिटे. आणि शुद्ध जाईपर्यंत एक तास. अंगाचे आतले तापमान ३७ वरून ३५ च्या खाली यायला माणसांना वाटते त्यापेक्षा बराच वेळ लागतो. आधी दगा देतात ते हातपाय. बोटे वळत नाहीत, दंड उचलत नाही, आणि पट्टीचा पोहणारा काठापासून वीस हातांवर बुडतो.

दिलाशाची गोष्ट अशी की धक्क्याची सवय होते, आणि फार लवकर होते. तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडींनंतर धक्क्याचा जोर जवळजवळ निम्मा होतो, आणि ही सवय महिनोन्महिने टिकते. अवांतोत उतरणाऱ्या आजीबाईंचे रहस्य यातच आहे. त्या शूर आहेतच, पण त्यांच्या त्वचेने हे पाणी शेकडो वेळा ओळखलेले आहे.

आता सुखाकडे. हा भाग मला साऱ्या विषयात सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते. १९७१ साली मिशेल काबनाक या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याने माणसांचे अंग पाण्यात तापवले किंवा गारवले आणि मग त्यांचा हात वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात घालून विचारले, बरे वाटते का? अंग तापलेले असेल तेव्हा गार पाणी सुखाचे वाटले. अंग गारठलेले असेल तेव्हा तेच पाणी नकोसे झाले आणि कढत पाणी हवेसे झाले. पाणी तेच, हात तोच. शरीराला ज्याची गरज आहे ते सुखाचे लागते, आणि गरज जितकी मोठी तितके सुख मोठे. सौनातून निघालेल्या अंगाला गार पाणी हवेच असते. तळ्यातून वर आलेल्या अंगाला ऊब हवीच असते. कढत-गार स्नान म्हणजे ही तहान मुद्दाम लावून घेणे आणि लगेच भागवणे, पुन्हा लावून घेणे आणि पुन्हा भागवणे. विसण घातलेल्या पाण्यात तहान नाही, म्हणून ती भागण्याचे सुखही नाही. तिथे फक्त सोय आहे.

सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने मांडलेली एक गोष्ट घरी कोणालाही करून पाहता येते. एक हात गरम पाण्यात ठेवा, दुसरा गार पाण्यात, आणि थोड्या वेळाने दोन्ही कोमट पाण्यात घाला. एका हाताला ते गार लागते, दुसऱ्याला ऊन. त्वचा तापमान मोजत नाही, ती बदल मोजते. आपल्याकडच्या विहिरींवर पोहणाऱ्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत आहे. खोल विहिरीचे पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचे राहते. तरी माघातल्या पहाटे त्यातून वाफा निघतात आणि उतरावे तर ऊबदार लागते. वैशाखातल्या दुपारी पाठीला डबा बांधून मुटका मारला की त्याच पाण्याने अंगावर काटा येतो.

त्वचेतल्या ज्या दारांतून ही वार्ता आत जाते ती दारे अलीकडेच सापडली. मिरचीचा झणका आणि उष्णतेचा चटका एकाच दारातून जातात, हे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये दाखवले. पुदिन्याचा गारवा आणि खरा गारवा यांचेही दार एकच, हे २००२ मध्ये त्यांनी आणि आर्डेम पाटापुटियान यांनी स्वतंत्रपणे दाखवले. दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मिरचीला 'तिखट' न म्हणता इंग्रज 'गरम' म्हणतो आणि पुदिन्याला आपण 'थंड' म्हणतो, ते नुसते बोलणे नव्हते.

या सुखाला रक्तातला हिशेबही आहे, पण तो सांगताना लोक हात सैल सोडतात. चेक संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तरुणांना १४ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बसवले. त्यांच्या रक्तातले नॉरॲड्रिनालिन ५३० टक्क्यांनी वाढले, डोपामिन २५० टक्क्यांनी. हे आकडे आज प्रत्येक टबाच्या जाहिरातीत सापडतात. त्या तरुणांना पाण्यात एक तास बसवले होते, हे मात्र सापडत नाही. दोन मिनिटांच्या गार शॉवरला हे आकडे लावता येणार नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर येणारी तरतरी, डोके लख्ख झाल्याची जाणीव, अंगभर पसरणारी लाली हे ज्याने अनुभवले त्याला टक्क्यांची गरजही नाही.

लाभांच्या पुराव्यातला सर्वात मोठा प्रयोग नेदरलँड्समधला, २०१६ चा. ३,०१८ माणसांपैकी काहींना नेहमीची गरम अंघोळ करायला सांगितले, काहींना त्या अंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी घ्यायला सांगितले. तीस दिवस. गार पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी भरल्या. मात्र आजारी असण्याचे दिवस कमी झाले नाहीत. म्हणजे सर्दी झाली तेवढीच झाली, पण माणसे ती अंगावर काढून कामावर गेली. ३० सेकंद आणि ९० सेकंद यांतही फरक पडला नाही. मला हा निकाल प्रामाणिक आणि मोलाचा वाटतो: रोग हटला नाही, उमेद वाढली. २०२५ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी निरोगी माणसांवरच्या ११ अभ्यासांचा आढावा घेतला. एकूण माणसे ३,१७७, आणि त्यांतली ३,०१८ याच डच प्रयोगातली. बाकी सारे ज्ञान दीडशेच्या आसपास माणसांवर उभे आहे. त्यातून दिसले ते असे की ताण बारा तासांनंतर थोडा कमी होतो आणि झोप, जगण्याचा दर्जा यांत थोडी सुधारणा दिसते. मन:स्थितीवर ठाम परिणाम सापडला नाही.

चरबीचीही अशीच गोष्ट. शरीरात तपकिरी चरबी नावाची एक चरबी असते, ती जळून ऊब देते. डेन्मार्कमध्ये सुसाना सोबर्ग यांनी २०२१ मध्ये हिवाळ्यात पोहणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला. ते आठवड्याला सुमारे ११ मिनिटे गार पाण्यात आणि ५७ मिनिटे सौनात असत. त्यांच्यात तपकिरी चरबीचे काम वेगळे दिसले. तेवढ्यावरून ११ आणि ५७ हा जगभर मंत्र झाला. अभ्यासात पोहणारे फक्त आठ होते, आणि ते ११ मिनिटे पोहत होते ही त्यांची सवय होती, कोणी काढलेली मात्रा नव्हे.

सौनाच्या बाजूचा पुरावा जास्त वजनदार आहे. पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवले गेले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी होते. तरीही हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. ज्याची तब्येत ठीक, ज्याच्याकडे वेळ आणि सोबत आहे, तोच रोज सौनात जातो. आणि हे सौनाबद्दल आहे, बर्फाच्या भोकाबद्दल नाही.

खेळाडूंची गोष्ट वेगळी. पाय आळीपाळीने गरम आणि गार पाण्यात घालण्याची पद्धत मैदानाभोवती जुनी आहे. नुसते बसून राहण्यापेक्षा तिने स्नायूंचे दुखणे कमी होते, हे २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले, पण हलका व्यायाम किंवा नुसते गार पाणी यांच्यापेक्षा ती ठळकपणे सरस ठरली नाही. उलट २०१५ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात बारा आठवडे वजने उचलल्यावर दर वेळी दहा मिनिटे गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. व्यायामानंतर पेशींत उठणारे संकेत ही स्नायूला वाढायला सांगणारी हाक असते, आणि गार पाणी तिला दाबते. पैलवानाने आखाड्यातून उठून लगेच बर्फात बसू नये, एवढे यातून नक्की सांगता येते.

मनाचा प्रश्न सर्वात नाजूक. २०२४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी गार पाण्यात पोहणाऱ्या १,११४ बायकांना प्रश्नावली दिली. रजोनिवृत्तीच्या काळातून जाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या बायकांनी चिंता कमी झाल्याचे सांगितले. ज्या बायकांना पोहणे मानवले त्याच पोहत राहिल्या, हे इथे विसरून चालणार नाही. पण त्यांनी जे सांगितले ते खोटे ठरत नाही. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर बायकांसाठीचे केनवूड तळे १९२५ पासून आहे. तिथे वर्षभर जाणाऱ्या बायका पाण्याबद्दल जेवढे बोलतात तेवढेच एकमेकींबद्दल, थर्मासमधल्या चहाबद्दल, झाडांबद्दल बोलतात. ताण कमी करणारे पाणी किती आणि सोबत किती, हे वेगळे काढता आलेले नाही. माझे मत विचाराल तर ते वेगळे काढायचे कारणही नाही. नैराश्यावर औषध चालू असलेल्या माणसाने मात्र औषध थांबवून तळ्याकडे जाऊ नये.

गार पाण्याला औषध मानण्याची ही पहिलीच वेळ नव्हे, आणि या इतिहासाचा एक धागा थेट पुण्यात येतो. सिलेशियातल्या ग्रेफेनबर्ग गावी व्हिन्सेंट प्रीसनिट्झ या शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थंड पाण्याचे उपचारगृह काढले आणि युरोपातून माणसे तिथे येऊ लागली. १८४९ मध्ये चार्ल्स डार्विननेही इंग्लंडमधल्या मॉल्व्हर्न इथे हा जलोपचार घेतला. त्याच सुमारास बव्हेरियातला सेबास्टियन क्नाइप हा क्षयाने खंगलेला तरुण हिवाळ्यात डॅन्यूब नदीत बुड्या मारून बरा झाला, असे त्याने पुढे लिहिले. तो धर्मगुरू झाला, वोरिसहोफेन गावी लोकांवर पाण्याचे उपचार करू लागला, आणि १८८६ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाने पाणी घरोघरी नेले. लाइपझिगच्या लुई कूने यांनी यात कटिस्नानाची भर घातली: टबात बेंबीपर्यंत गार पाणी, पाय बाहेर आणि कोरडे, आणि पाण्यात ओटीपोट चोळायचे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत कूने वाचले आणि आयुष्यभर हे स्नान घेतले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी 'आरोग्याची गुरुकिल्ली' लिहिली, त्यात कूने यांच्या स्नानाचे सविस्तर वर्णन आहे. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचन इथे त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तो आजही चालू आहे. कटिस्नानाने सारे रोग मुळापासून जातात हा कूने यांचा दावा आज टिकत नाही. पण साध्या टबात, फुकटच्या पाण्यात, स्वतःच्या शरीराकडे लक्ष देण्याची जी सवय या माणसांनी लावली तिचे मोल मला मोठे वाटते. आज तोच टब लाखांच्या किमतीला विकला जातो, तेव्हा उरुळीकांचनची आठवण ठेवावी.

आयुर्वेदाचा कल मात्र वेगळा आहे, आणि तो लपवू नये. 'अष्टांगहृदया'त मानेखाली ऊन पाणी बळ देणारे मानले आहे, डोक्यावर मात्र ते केसांना आणि डोळ्यांना अपायकारक. 'चरकसंहिते'त उन्हाने किंवा श्रमाने तापलेल्या माणसाने एकदम गार पाण्याकडे वळणे हे त्वचारोगाच्या कारणांत मोजले आहे. उन्हातून आल्याआल्या गार पाणी घेऊ नको, हे घरोघरचे सांगणे याच वळणाचे. उष्ण देशात, घाम आलेल्या माणसासाठी सांगितलेला हा सावधपणा. कार्तिकस्नान आणि माघस्नान ही पहाटेची गार स्नाने आपल्याकडे आहेत, पण ती व्रते आहेत. त्यांच्यामागे नॉरॲड्रिनालिनचे ज्ञान होते असे म्हणणे व्रतावरही अन्याय आणि विज्ञानावरही.

धोक्याबद्दल मला जरा निक्षून लिहायचे आहे. गार पाण्याचा धक्का हृदयाला पळवतो. त्याच वेळी चेहरा पाण्याखाली गेला तर दुसरी एक प्रतिक्रिया हृदयाला सावकाश करते. दोन्ही हुकूम एकदम सुटले की हृदयाची लय बिघडू शकते, धडधाकट माणसाचीही. टिप्टन आणि मायकेल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये या ओढाताणीकडे लक्ष वेधले. म्हणून गार पाण्यात सूर मारायचा नाही, शिडीने उतरायचे. उतरण्याआधी जोरजोरात श्वास घेण्याचे जे प्रकार डच माणूस विम हॉफ याच्या नावाने पसरले आहेत ते पाण्याजवळ करूच नयेत. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची ओढ मंदावते आणि माणूस पाण्याखाली नकळत बेशुद्ध होतो. दारू पिऊन ना सौना, ना पाणी. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे. आणि स्पर्धा नको. फिनलंडमध्येच हेइनोला गावी सौनात कोण जास्त वेळ बसतो याची जागतिक स्पर्धा भरत असे. २०१० च्या अंतिम फेरीत, ११० अंशांत, एका स्पर्धकाचा मृत्यू झाला. ती स्पर्धा पुन्हा भरली नाही.

बुडी आणि पोहणे यांत फरक करायला हवा. अर्ध्या मिनिटाच्या बुडीनंतर अंग आतून गार झालेलेच नसते, म्हणून लगेच सौनात जाणे सुखाचे. वीस मिनिटे पोहून आलेल्याचे आतले तापमान बाहेर आल्यावरही उतरत राहते, कारण अंगाचे गारठलेले बाहेरचे थर आतली ऊब ओढत राहतात. त्याने आधी अंग पुसून कोरडे कपडे चढवावेत, गोड चहा घ्यावा आणि कढत पाण्याखाली उभे राहण्याची घाई करू नये, चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

लांब पोहणाऱ्यांची जात निराळीच. लिन कॉक्स ही अमेरिकन बाई १९८७ मध्ये बेरिंगच्या सामुद्रधुनीत अमेरिकेच्या बेटावरून सोव्हिएत बेटावर पोहत गेली. पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये जगातल्या सातही अवघड खाड्या पार करणारा पहिला आशियाई ठरला. त्यातली आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधली खाडी गारठ्यासाठी आणि जेलीफिशसाठी कुप्रसिद्ध आहे. उदयपूरची भक्ती शर्मा २०१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या एक अंशाच्या पाण्यात सुमारे सव्वादोन किलोमीटर, ४१ मिनिटे पोहली. ऊबदार मुलखातली ही मुले. त्यांनी हा गारवा वर्षानुवर्षे, थोडा थोडा करून अंगी बाणवला.

आपल्या वाचकाने काय करावे? मुंबईचा समुद्र जानेवारीतही गार म्हणावा असा होत नाही. कढत-गार मात्र निसर्गाने आपल्या दारात ठेवले आहे. भिवंडी तालुक्यात अकलोलीला तानसा नदीच्या काठावरच गरम पाण्याची कुंडे आहेत, शेजारून नदी वाहते. बद्रीनाथला गेलेल्या मराठी यात्रेकरूंनी तप्तकुंडात अंघोळ करून अलकनंदेवरचा वारा अंगावर घेतलेला असतो. ती शिरशिरी आणि तिच्या मागून येणारी ऊब ज्यांना आठवते त्यांना या लेखातले पुष्कळ आधीच माहीत आहे. नदीच्या धारेत मात्र उतरू नये. अलकनंदा कोणाची गय करत नाही.

आणि घरी, या हिवाळ्यात, एवढे करून पाहा. अंघोळ नेहमीसारखी ऊन पाण्याने करा. मग दोन बादल्या भरा, एक सोसेल इतक्या कढत पाण्याची, दुसरी नळाच्या गार पाण्याची. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी हे करू नये, त्यांना चटका कळत नाही. पाय तीन मिनिटे कढत पाण्यात, एक मिनिट गार पाण्यात, असे तीन-चार वेळा. आठवड्याने, मानवले तर, अंघोळीच्या शेवटी पायांपासून वर खांद्यांपर्यंत अर्धा मिनिट गार तांबे. श्वास रोखू नका, सावकाश सोडा. आजार जाईल म्हणून करू नका, बरे वाटते म्हणून करा, आणि बरे वाटले नाही तर सोडून द्या. बादल्यांमध्ये विसण मात्र घालू नका.